मिस्त्रींचा डावा गुडघा

पाणीखात्याच्या मीटर-दुरुस्ती वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी निवृत्त व्हायचं ठरवलं ते एका मंगळवारी, चहाच्या सुट्टीत. आणि त्याला कारण गुडघा नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे या प्रकरणात जेवढे कागद झाले, त्या सगळ्यांत पहिल्या ओळीत गुडघाच आहे.

खरं कारण होतं एक नवा मीटर. त्या काळी घरोघरचे पाण्याचे मीटर पितळी असत. हातात घेतला की वजन जाणवावं, झाकण उघडलं की आत दातेरी चाकांचा सुबक संसार दिसावा. मिस्त्रींनी चौतीस वर्षं हा संसार उघडला, धुतला, सांधला आणि पुन्हा लावून दिला होता. डोळ्याला भिंग लावून बाकावर बसले की जेवणाची घंटा त्यांना ऐकू येत नसे. एके काळी त्या लांब बाकावर अकरा जण बसत. एक गुणगुणायचा, दोघं भांडायचे, बाकीचे ऐकायचे, आणि कामही व्हायचं. हळूहळू अकराचे सात झाले, सातांचे तीन झाले. त्या मंगळवारी फोरमन करड्या प्लॅस्टिकचा एक मीटर घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, आता हेच येणार."

मिस्त्रींनी तो उलटा केला, सुलटा केला. "उघडतो कुठून?"

"उघडत नाही. बिघडला की फेकायचा."

मिस्त्रींनी चहा अर्धा ठेवला. जी वस्तू उघडत नाही तिच्याशी त्यांचं बोलणं काय होणार? घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "मी नोकरी सोडतोय."

बायको शिलाईच्या मशीनवर होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "बरं. पण दिवसभर माझ्या पायात घुटमळायचं नाही."

इथवर सगळं ठीक होतं. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी साधा दोन ओळींचा अर्ज दिला असता, तर ही गोष्टच झाली नसती. पण संध्याकाळी जिन्यात त्यांना हेडक्लार्क भेटले.

हेडक्लार्क वरच्या मजल्यावर राहत. अभिलेख कार्यालयातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण ते फक्त कार्यालयातून निवृत्त झाले होते. सल्ला देणं चालू होतं. त्यांनी मिस्त्रींचा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "हे 'माझी निवृत्त होण्याची इच्छा आहे' कोणी लिहिलं?"

"मीच."

"इच्छा! अहो, सरकारला इच्छा कळत नाही, असमर्थता कळते. इच्छेने गेलात तर पेन्शन कापून मिळेल. तब्येतीच्या कारणाने गेलात तर पूर्ण. काय दुखतं तुमचं?"

मिस्त्रींनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसं काही नाही. जिना चढताना कधीतरी डावा गुडघा कुरकुरतो."

"सापडलं!" असं म्हणून हेडक्लार्कांनी अर्ज फाडला.

नवा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, कार्बन घालून तीन प्रतींत. त्यातला गुडघा वाचून मिस्त्रींना गलबलून आलं. हा माणूस आजवर चालत कसा होता, असंच कोणालाही वाटलं असतं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात हेडक्लार्कांनी नुसतं 'पाणीखाते' लिहिलं. "जास्त तपशील दिला की जास्त प्रश्न येतात," ते म्हणाले.

मग लंगडण्याची तालीम सुरू झाली. हेडक्लार्कांचं म्हणणं असं, की नवशिके लोक पाय ओढतात. खरा दुखणेकरी पाय टाकण्याआधी क्षणभर थांबतो. मिस्त्री हातात हेडक्लार्कांची छत्री घेऊन पॅसेजमध्ये थांबत थांबत चालू लागले. बायको दारात उभी राहून बघत होती.

"हे काय चाललंय?"

"निवृत्ती," मिस्त्री म्हणाले.

मेडिकल बोर्डाच्या दिवशी त्यांना एका लांब व्हरांड्यात बाकड्यावर बसवलं. तिथे बसलेला प्रत्येक माणूस कण्हत होता. आपण एकटेच गप्प बसलो तर वाईट दिसेल म्हणून मिस्त्रीही थोडे कण्हले. नंबर लागल्यावर ते उठले, क्षणभर थांबले, छत्री टेकली आणि आत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चेहरा शांत. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, एक्स-रे उजेडाला धरला. मग म्हणाल्या, "त्या भिंतीपर्यंत जाऊन या बघू."

मिस्त्री भिंतीपर्यंत उत्तम लंगडले. परत येताना मात्र, भिंतीपाशी वळताना छत्री या हातातून त्या हातात गेली आणि तिच्यामागोमाग लंगडणंही या पायातून त्या पायात गेलं.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "नक्की कुठला दुखतो?"

मिस्त्रींना घाम फुटला. "दोन्ही," ते म्हणाले. "आळीपाळीने."

बाईंनी पुन्हा एक्स-रे पाहिला. साठीला आलेल्या माणसाचे गुडघे कुठल्याही एक्स-रेमध्ये झिजलेलेच दिसतात. त्यांनी सुस्कारा सोडला आणि लिहायला घेतलं. आठ दिवसांनी प्रमाणपत्र हातात आलं. दोन्ही गुडघ्यांचा उल्लेख होता आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'कामास कायमचे अयोग्य.'

हवं होतं तेच मिळालं होतं. तरी मिस्त्रींनी तो कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला, मग काढून पुन्हा वाचला. वर्कशॉपमध्ये जो मीटर कशानेही दुरुस्त होत नसे, त्याच्या गळ्यात ते तारेने एक पत्र्याची चिठ्ठी बांधत आणि तो भंगाराच्या पेटीत टाकत. अशी चिठ्ठी बांधायला त्यांचा हात सहसा धजत नसे. इतरांनी टाकलेले मीटर ते पेटीतून परत काढून आणायचे. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत मात्र कोणी पेटीत डोकावून पाहायचीही तसदी घेतली नव्हती. म्हणजे तसं कोणी पाहिलं असतं तर पंचाईतच होती. पण अपमान व्हायचा तो होतोच.

निवृत्ती लागू व्हायला अजून महिना होता आणि तोवर मिस्त्रींची शिल्लक रजा. फोरमनला निरोप समारंभाची घाई झाली होती, कारण त्याच्या भाषणाचा कागद तयार होता. समारंभात त्याने तो कागद बाजूला ठेवला. "या माणसाने," तो म्हणाला, "आपले दोन्ही गुडघे या खात्याला वाहिले!" आणि तो खरोखरच रडला. त्याला रडताना पाहून स्टोअरकीपर रडला. सगळ्यांनी मिळून मिस्त्रींना एक नक्षीदार मुठीची काठी दिली. मिस्त्री ती टेकत टेकत, खाली मान घालून घरी आले. लोकांना वाटलं, दुःखाने.

दुसऱ्या दिवशी ते उरलेले कागद घेऊन लाभ विभागाच्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाई फाइल चाळत होत्या आणि मधूनच खारी चहात बुडवत होत्या. एका पानावर त्या थांबल्या.

"चौतीस वर्षं चार महिने?"

"हो," मिस्त्री अभिमानाने म्हणाले.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि ही. मुलगी लग्न होऊन परगावी असते."

"मिसेसचं काही औषधपाणी?"

"हृदयाची झडप जरा... दर तीन महिन्यांनी खात्याच्या इस्पितळात तपासणी असते. गोळ्या तिथूनच मिळतात."

बाईंनी खारी बशीत ठेवली. "अहो काका, पस्तीस वर्षं पुरी असली तर आरोग्याचं कार्ड नवराबायको दोघांना जन्मभर राहतं. त्याआधी तब्येतीच्या कारणाने गेलात, की कार्ड फक्त तुम्हाला. मिसेसचं नाव निघणार. म्हाताऱ्यांचं सरकारी कार्ड त्यांना साठाव्या वर्षी मिळेल. किती वय?"

"छप्पन्न."

बाईंनी फाइल मिटली. खारीचा भिजलेला तुकडा बशीत विरघळत राहिला.

"हा अर्ज कोणाला विचारून केलात?" शेवटी बाईंनी विचारलं.

"वरच्यांना."

"वरिष्ठांना?"

"वरच्या मजल्यावरच्यांना."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या भल्या होत्या. त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि बोटाने ओळ दाखवली. निवृत्ती लागू व्हायच्या आत अर्ज मागे घेता येत होता. फक्त कामास योग्य असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. त्याच बोर्डाचं. त्याच डॉक्टरांचं.

हेडक्लार्कांनी ही बातमी ऐकली आणि ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "मिस्त्री, चूक माझी आहे. तुम्हाला तीन आठवड्यांत घोड्यासारखा करतो."

बायकोला काही सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. ती म्हणाली असती, माझ्यासाठी काही करू नका. आणि मग तिला पटवण्यात तीन आठवडे गेले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मिस्त्री जिने चढू-उतरू लागले. हेडक्लार्क घड्याळ घेऊन वरच्या पायरीवर उभे असत आणि निरोपाची नक्षीदार काठी त्यांच्या हातात छडीसारखी असे. "गुडघा वर! अजून वर! तोंड हसरं ठेवा, डॉक्टरला हसरं तोंड आवडतं!" तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सांगितलं, मेथीचे दाणे गिळा. समोरच्या न्हाव्याने सांगितलं, गिळू नका, वाटून लावा. मिस्त्रींनी वाद नको म्हणून दोन्ही केलं. त्यामुळे गुडघ्याला काय वाटलं ते कळलं नाही, पण पोटाला अजिबात आवडलं नाही.

आठव्या दिवशी ते दोन-दोन पायऱ्या चढत होते. त्याच वेळी खालून फोरमन वर येत होता. हातात संत्र्यांची पिशवी, चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला जाताना आणतात तसा भाव. वळणावर मिस्त्री त्याच्या अंगावरून सुसाट वर गेले, हेडक्लार्क ओरडले, "शाब्बास, एकोणीस सेकंद!" आणि मिस्त्री तितक्याच वेगाने खाली आले.

दोघं समोरासमोर उभे राहिले. एक संत्रं पिशवीतून निसटलं आणि टपटप करत तळमजल्यापर्यंत गेलं.

"मिस्त्री," फोरमन खोल आवाजात म्हणाला, "मी रडलो होतो हो!"

मिस्त्रींनी त्याला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. फोरमन ऐकत राहिला. त्याचा राग जायला तीन संत्री लागली. "स्टोअरकीपरला मात्र सांगू नका," तो उठताना म्हणाला. "त्याने घरी जाऊनही रडून घेतलंय."

तालमीचा शेवट मात्र वेगळाच झाला. बोर्डाला दोन दिवस राहिले असताना मिस्त्री शेवटच्या पायरीवरून उतरले, आणि डाव्या गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. ते खाली बसले. हेडक्लार्क म्हणाले, "छान! असंच, पण तोंड हसरं." मग त्यांच्या लक्षात आलं, की ही तालीम नाही.

भिंतीला धरून धरून मिस्त्री घरात आले. बायको स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिच्यापुढे पाटावर तिच्या गोळ्या मांडलेल्या होत्या आणि ती सुरीने एकेक गोळी मधोमध कापत होती. अगदी जपून, कापड बेतावं तशी. कापलेले अर्धे तुकडे ती एका रिकाम्या बाटलीत भरत होती.

"हे काय करतेस?"

ती दचकली नाही. "अर्धी पुरते मला."

"डॉक्टर म्हणाले?"

"मी म्हणते. पहिल्याच दिवशी वरचे भाऊजी जिन्यात सगळं बोलून गेले. त्यांच्या पोटात काही राहतं का?" तिने सुरी खाली ठेवली. "अहो, तुम्हाला सुटायचं होतं ना? मग सुटा. माझ्यापायी त्या न उघडणाऱ्या मीटरांशी आठ महिने झगडायचं काही कारण नाही. मी तोवर साठवते. साठवलं की पुरतं."

मिस्त्रींना दिसलं, की बाटली जवळजवळ अर्धी भरली आहे. म्हणजे हे आजचं नव्हतं. तीन आठवडे ते जिन्यावर उड्या मारत होते आणि ही खाली, आवाज न करता, स्वतःचं औषध तोडत होती. त्यांनी बाटली उचलली, ओट्यावर उपडी केली आणि अर्ध्याला अर्धा जुळवत बसले. चाकांचे दाते जुळवणाऱ्या त्यांच्या बोटांना त्या दिवशी एकही जोडी पटकन सापडेना. थोड्या वेळाने बायकोही शेजारी बसून जुळवू लागली.

बोर्डाच्या दिवशी मिस्त्री काठी न घेता गेले. व्हरांड्यात आज ते मनापासून कण्हले असते, पण ओठ दाबून बसले. आत डॉक्टरीणबाईंनी फाइल पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फाइल पाहिली.

"मागच्या महिन्यात दोन्ही गुडघे गेले होते."

"बरे झाले," मिस्त्री हसऱ्या तोंडाने म्हणाले.

"खाली बसून उठून दाखवा."

मिस्त्री खाली बसले. बसले ते बसलेच. हसरं तोंड तसंच होतं, डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. डॉक्टरीणबाई उठून पुढे आल्या, त्यांनी हात दिला आणि मिस्त्रींना खुर्चीपर्यंत आणलं.

"डॉक्टर," मिस्त्री म्हणाले, "मागे आलो तेव्हा धड चालत होतो आणि तुम्हाला लंगडून दाखवलं. आज खरंच लंगडतोय आणि चालून दाखवायला आलोय. मला दोन्ही नीट जमलं नाही." आणि मग त्यांनी करड्या मीटरपासून कापलेल्या गोळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. हेडक्लार्कांचं नाव तेवढं घेतलं नाही.

डॉक्टरीणबाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. "मी खोटं लिहू शकत नाही, काका."

"लिहू नका," मिस्त्री म्हणाले. ते उठायला लागले.

"थांबा. तुम्ही काम काय करता?"

"मीटर दुरुस्त करतो."

"घरोघर फिरून?"

"छे! मीटर येतात आमच्याकडे. मी बाकावर बसतो. सकाळी बसतो तो संध्याकाळी उठतो."

"बसून?"

"बसूनच. भिंग लावून."

बाईंनी जुना अर्ज पुढे ओढला आणि 'कामाचे स्वरूप' या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे नुसतं पाणीखाते आहे. मला वाटलं, तुम्ही खंदक खणून पाइप टाकता. म्हणून मी तुम्हाला अयोग्य ठरवलं." त्यांनी हात पुढे केला. "हात बघू." मिस्त्रींनी दोन्ही हात पुढे केले. बाईंनी बोटं वाकवून पाहिली, पकड पाहिली, डोळे तपासले, बारीक अक्षरं वाचून घेतली. गुडघ्याला पट्टा लिहून दिला. आणि मग प्रमाणपत्रावर लिहिलं, 'गुडघ्यास दुखापत. बसून करावयाच्या नेहमीच्या कामास पूर्ण योग्य.'

"यात काहीही खोटं नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना सांगा, गोळी पूर्ण घ्यायची. मी सांगितलंय म्हणून सांगा."

मिस्त्री सोमवारी बाकावर हजर झाले, तेव्हा स्टोअरकीपरला भूत पाहिल्यासारखं झालं. फोरमनने मात्र एक काम केलं. शहराच्या जुन्या भागातले उरलेसुरले पितळी मीटर तो ट्रकने मागवून घेऊ लागला आणि मिस्त्रींच्या पुढ्यात टाकू लागला. कोणी विचारलं की म्हणायचा, "हिशेबाला लागतात." ते आठ महिने मिस्त्रींना पुढे कायम आठवत राहिले. कोणाची घाई नव्हती, कोणाचा तगादा नव्हता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच लावलेले मीटर ते पुन्हा उघडत होते. एखाद्यात त्यांच्याच हातची जुनी डागडुजी सापडे, एखाद्यात त्या गुणगुणणाऱ्या सोबत्याची. त्याला सांधे नीट जमत नसत, ते लगेच ओळखू येई. दुपारी उन्हाचा पट्टा बाकावरून सरकत जाई, आणि त्या रिकाम्या जागांवर अकराही जण बसल्यासारखे वाटत.

पस्तीस वर्षं पुरी झाली तो दिवस साधाच गेला. निरोप समारंभ आधीच होऊन गेला होता आणि फोरमन म्हणाला, की त्याच्याकडून पुन्हा रडणं होणार नाही. संध्याकाळी सगळे गेले. मिस्त्री हत्यारं पुसत होते तेवढ्यात दारात बायको दिसली. पिशवीत नवं कार्ड होतं. खिडकीतल्या बाईंकडून ती स्वतः घेऊन आली होती.

"म्हटलं, परस्पर इकडेच यावं," ती म्हणाली. पस्तीस वर्षांत ती कधी वर्कशॉपच्या आत आली नव्हती. तिने बाक पाहिला, भिंतीवरची हत्यारं पाहिली, पितळेच्या कणांनी चमकणारी जमीन पाहिली. "इथे बसता होय?"

"बस," मिस्त्री म्हणाले आणि तिला आपल्या स्टुलावर बसवलं. शेवटचा दुरुस्त केलेला मीटर चाचणीच्या नळावर चढवलेला होता. त्यांनी एक सळई मीटरच्या झाकणावर टेकवली, दुसरं टोक तिच्या कानाशी धरलं आणि हलकेच पाणी सोडलं.

ती डोळे बारीक करून ऐकू लागली. पाणी आत शिरलं, फिरकी हलली, चाकाने चाकाला पुढे ढकललं. अगदी मंद, एकसारखी, न अडखळणारी टिकटिक. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"एवढाच आवाज?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी पस्तीस वर्षं तुमचं जेवण झाकून ठेवलं मी?"

मिस्त्रींनी ओशाळून नळ बंद केला.

तिने सळई कानापासून काढली नव्हती. "बंद का केलात?" ती म्हणाली. "सोडा ना पाणी."